जुना स्विच अडकत नव्हता

दादा, तुझ्या मोटरसायकलचा जुना ब्रेक स्विच गेल्या रविवारपर्यंत माझ्या पर्समध्ये असायचा. डब्याचा चमचा, डोकेदुखीच्या गोळ्या आणि हा. बोटाएवढं काळं नळकांडं, खाली एक स्प्रिंग, वर दोन वायरी. स्प्रिंग ओढली की आत बारीक टक् होतं. सोडली की परत टक्. ऑफिसात बसल्या बसल्या मी ते करत असायचे. एकदा शेजारच्या टेबलावरच्या बाई वैतागल्या, "काय वाजवताय हो सारखं?" मी म्हटलं, "भावाची वस्तू आहे." बाई एकदम गप्प. हल्ली लोक माझ्यासमोर फार पटकन गप्प होतात.

हा स्विच अडकत नाही, दादा. तू म्हणालेलास अडकतो.

तुझं तेरावं झालं. गोडाचं जेवण झालं, लोक तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलून आपापल्या घरी गेले. रडायचं तेही बरंच रडून झालं. आता मला तुझ्याशी भांडायचंय. तू असतास तर म्हणाला असतास, "आल्या. ग्रॅज्युएट बाई आल्या. लावा चौकशी." हो, लावलीय चौकशी. आणि या वेळी तुला "चल, चहा घेऊ" म्हणून विषय बदलता येणार नाही.

खंडेनवमीच्या सकाळी तुझा फोन आला होता. "मानपाड्याला ये. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, त्याआधी एक काम आहे. दोघं लागतात." मी नौपाड्यातून दोन रिक्षा आणि एक बस बदलून आले, तर तू बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जुना टॉवेल अंथरून बसलेलास. समोर पाने, ब्रेक ऑइलची बाटली आणि एक छोटं पाकीट. पाकिटात बोल्ट. बोल्टच्या डोक्यातून दोन वायरी निघालेल्या.

"हे काय?"

"हायड्रॉलिक ब्रेक लाइट स्विच. मागच्या ब्रेकचा."

"जुना लागतोय ना?"

"लागतो, पण अडकतो. पाय काढला तरी दिवा पेटलेलाच राहतो. मागचे लोक शिव्या घालतात."

"मग मेकॅनिककडे ने."

"तो चोर आहे. आत्ता आत्ता मागचे पॅड बदलून दिले, तर परत म्हणतो झिजले."

मी लगेच म्हटलं, "फसवतोय तुला." आपल्या घराण्याचा हा एक मोठा गुण. दुसरा फसवतोय यावर आपला पटकन विश्वास बसतो.

मग तू मला समजावलंस. जुना स्विच पायाखालच्या पेडलला स्प्रिंगने बांधलेला असतो. पेडल जरा हललं की स्प्रिंग ओढली जाते आणि मागचा दिवा पेटतो, मग ब्रेक लागो न लागो. हा नवा तसा नाही. ब्रेकची नळी जिथे सुरू होते तिथला पोकळ बोल्ट काढायचा आणि त्याच्या जागी हा बसवायचा. पेडलला नुसता पाय लागून हा पेटणार नाही. आतल्या तेलाला दाब बसला, म्हणजे खरोखर ब्रेक मारला, तरच पेटणार.

"म्हणजे हा खोटं बोलत नाही," मी म्हटलं.

तू हसलास. "अजिबात नाही."

दादा, ते हसू मला आता जसंच्या तसं दिसतं. तेव्हा मला वाटलेलं, नवीन वस्तूचा आनंद आहे.

पाकिटातला कागद इंग्रजीत होता. "तू वाच, तू शिकलेली," म्हणून तो तू माझ्या हातात दिलास. त्यात स्पष्ट लिहिलेलं, बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घाला. तुला जुनेच घालायचे होते. "चांगले आहेत अजून. कशाला टाकायचे?" आपण वॉशरवरून जेवढं भांडलो तेवढं माझ्या लग्नात मानपानावरून कुणी भांडलं नसेल. शेवटी मी उठून चालायला लागले, तेव्हा तू खिशातून नवे वॉशर काढलेस. खिशातच होते! मला चिडवायला लपवलेले. बघ, लपवायची सवय जुनीच तुला.

मग तेलातली हवा काढायची होती. त्याला दोघं लागतात हे खरं. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळची छोटी चावी सैल करून परत घट्ट करायची. "दाब. धर. सोड." बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हेच. मी चाकाशी बसलेले, तू पेडलशी. आणि तू पेडल हातानं दाबत होतास. जमिनीवर उकिडवा बसून, तळहातानं.

"पायानं दाब ना, कंबर मोडेल तुझी."

"हाताला अंदाज येतो."

मी मान डोलावली. वर म्हणे मी संशयी.

दादा, आपला एक रिवाज होता. मी कॉलेजला होते तेव्हापासूनचा. तू मला जुन्या गाडीवर शिळफाट्यावरून ठाण्याला सोडायचास. निघण्याआधी तू गाडीवर बसून ब्रेक दाबायचास आणि मी मागे उभी राहून बघायचे. तू विचारायचास, "लागला का?" मी म्हणायचे, "लागला." मगच मी मागे बसायचे. आपल्याच गाडीचा मागचा दिवा आपल्याला कधी दिसत नाही, त्यासाठी घरचं माणूस लागतं, असं तू म्हणायचास. नंतर माझं लग्न झालं, ते काम वहिनीकडे गेलं. पण दसऱ्याला मीच मागे उभी राहायचे. तो माझा मान होता.

त्या दिवशी मात्र तू म्हणालास, "आज तू बस वर. मी बघतो मागून."

मी चावी फिरवली, पेडलवर नुसता पाय टेकवला. तू मागून ओरडलास, "नाही लागला! आता दाब." दाबलं. "लागला! सोड." परत टेकवला. "नाही लागला!" तुझा आवाज असा की क्रिकेटची मॅच जिंकलास. मग तू स्वतः बसलास, उजवा पाय पेडलवर ठेवलास, आणि म्हणालास, "आता बघ. नाही ना लागला?"

"नाही."

"नक्की?"

"अरे नाही रे."

"नीट बघ. अजिबात नाही ना?"

एवढ्या वर्षांत तू "लागला का" विचारायचास. त्या दिवशी "नाही ना लागला" विचारलंस. वाक्य उलटं झालेलं आणि मला ते ऐकू आलं नाही. मी हात धुवायला गेले, वहिनीनं कांदेपोहे दिले, मी तिला म्हटलं, "आज तुझ्या नवऱ्याची गाडी मी दुरुस्त केली." वहिनी माझ्याकडे बघून छान हसली. म्हणाली, "वन्सं, तुम्ही आहात म्हणून बरंय." मला ते फार आवडलेलं. लक्षात ठेव हे वाक्य, पुढे लागणार आहे.

त्यानंतरची चप्पल आठव. तू माझ्याकडे नौपाड्यात आलेलास, डाव्या पायात चप्पल, उजवा पाय अनवाणी.

"हे काय ध्यान?"

"टिटवाळ्याला दर्शनाला गेलेलो. देवळाबाहेर चोरीला गेली."

"एकच?"

"चोर लंगडा असेल."

माझे मिस्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. पण मला तेव्हा खुटखुटलं. मी तुला दारात गाठून विचारलेलं, "खरं सांग, काय झालं?" तू म्हणालास, "तू ग्रॅज्युएट झालीस की हवालदार?" आणि माझ्या मिस्टरांची चप्पल घालून निघून गेलास. पुढच्या वेळी आलास ते नाडीचे बूट घालून. मी म्हटलंसुद्धा, "साहेब झालास की." चप्पल चोरीला गेली नव्हती, दादा. चालत्या गाडीवर पायातून गळून पडली आणि तुला ती गळल्याचं कळलं नाही. हे मला आता कळतं. शुगर तुला होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पाय बधिर होत चाललाय, हे तू कुणाला कळू दिलं नाहीस.

मग त्याच बुटात खिळा वर आला. दिवसभर तू त्या खिळ्यावर चाललास. कंपनीच्या स्टोअरमध्ये माल उतरवलास, जिने चढलास उतरलास. संध्याकाळी वहिनीनं मोजा बघितला. त्यानंतरचं मी लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, जखमेचं विष फार वर चढलंय. मला हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये वहिनी दिसली, मी धावत तिच्याकडे गेले, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला तर सगळं माहीत होतं, वन्सं."

बास, एवढंच. मिठी नाही, रडणं नाही.

मला वाटलं ती टोमणा मारतेय. शिकलेली नणंद, नौपाड्यात राहते, एवढे मोठे दवाखाने शेजारी, आणि भावाकडे लक्ष नाही. आणि मग माझ्या डोक्यात उलटं सुरू झालं. एकाच घरात राहून तुझा पाय हिला दिसला नाही? की दिसला आणि ही गप्प बसली? तुझ्या दहाव्याला घाटावर आम्ही शेजारी शेजारी उभ्या होतो. कावळा शिवत नव्हता. सगळे म्हणत होते, काहीतरी मनात राहिलंय. कुणीतरी म्हणालं, "बायकोकडे बघणार असं वचन द्या." कुणीतरी म्हणालं, "बहिणीनं काहीतरी बोला." मी तोंड उघडलं नाही. वहिनीनंही नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे तिरकं बघत होतो, आणि कावळा आमच्या दोघींकडे.

तेराव्याला खालच्या मजल्यावरचे सावंतकाका माझ्या शेजारी जेवायला बसले. रिटायर माणूस, गेटपाशी खुर्ची टाकून बसतात आणि कोण कधी आलं गेलं यावर नजर ठेवतात. श्रीखंडाची वाटी बाजूला सारून म्हणाले, "फार साधा माणूस. मीच एकदा त्याला टोकलेलं. म्हटलं, अरे, तुझा मागचा दिवा पेटलेलाच असतो. गेटमधून बाहेर पडतोस तो पेटलेला, वळतोस तो पेटलेला."

"स्विच अडकत होता त्याचा," मी म्हटलं.

"छे! पाय काढला की विझायचा. मी बघितलंय ना. गाडी लावली, उतरायला पाय उचलला, चावी काढायच्या आधी दिवा विझला. पाय ठेवून बसायचा तो ब्रेकवर. मी म्हटलंसुद्धा, पाय उचलून चालव रे, पॅड झिजतील. तर माझ्यावर उखडला. म्हणाला, काका, तुम्ही तुमचं बघा."



जेवणं आटोपल्यावर मी पार्किंगमध्ये गेले. गाडीवरची तुझी हत्यारांची पिशवी उघडली. जुना स्विच तिथेच होता, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. आपल्या घरात कुणी काही टाकत नाही, म्हणून सापडला. सावंतकाकांकडून टॉर्चचा सेल आणि बारका बल्ब मागून घेतला, वायरी जोडल्या, स्प्रिंग ओढली. बल्ब पेटला. सोडली. विझला. ओढली, पेटला. सोडली, विझला. मी म्हटलं, एकदा तरी अडक. दादासाठी अडक. नाही अडकला.

म्हणजे खोटं स्विच बोलत नव्हता. तुझा पाय पेडलवर पडून राहायचा, तुला कळायचं नाही, आणि तो दिवा कल्याण-शिळ रस्त्यावर मागच्या प्रत्येकाला सांगत सुटायचा. मेकॅनिक चोर नव्हता, पॅड खरंच झिजत होते. तुला तो चहाडखोर दिवा गप्प करायचा होता. त्यासाठी गाडीला दुसरा स्विच हवा होता. बसवायला दोघं लागत होते. म्हणून मला बोलावलंस. माझ्याकडून कागद वाचून घेतलास, माझ्या हातून हवा काढून घेतलीस, आणि वर मलाच विचारलंस, नाही ना लागला?

तशीच वर गेले. वहिनी स्वयंपाकघरात पातेली आवरत होती. मी तिच्यासमोर स्विच ओट्यावर ठेवला.

"वहिनी, खरं सांग. तुला माहीत होतं त्याच्या पायाचं?"

तिनं पातेलं खाली ठेवलं. "मला विचारता? तुम्ही?"

"मीच विचारतेय."

"वन्सं, तुम्हीच नाही का त्यांना ठाण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलात?"

"कधी?"

"दसऱ्याच्या आधी. मी त्यांना म्हटलं होतं, पाय ओढताय तुम्ही, दाखवून या. तर म्हणाले, बहिणीला सगळं सांगितलंय. तिनं नौपाड्यातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले काही नाही, शीर दबलीय, होईल बरी. आणि म्हणाले, तिनंच सांगितलंय गाडीला नवा स्विच बसवायला, म्हणजे पायाला त्रास कमी. तुम्ही आलात, बसवलात. मी बघितलं ना वरून." तिनं पातेलं परत उचललं. "मी म्हटलं, शिकलेल्या आहेत, त्यांना कळतं. मी गप्प बसले."

मी स्टुलावर बसले.

"मला एका शब्दानं बोलला नाही तो," मी म्हटलं.

"खोटं."

"तुझी शपथ."

 वहिनीनं कपाळावर हात मारला, आणि दादा, ती हसायला लागली. रडता रडता हसायला लागली. "मी तेरा दिवस तुम्हाला शिव्या देतेय मनातल्या मनात," म्हणाली. "काय बाई आहे, म्हटलं, एवढं माहीत असून भावाचा पाय परत बघितला नाही."

"मीपण देत होते. तुला."

"काय काय दिल्यात?"

"जाऊ दे. तेरावं आहे आज."

माझा पदवीदान समारंभ आठवतो तुला? फोटोवाल्यापाशी माझा काळा झगा तू अंगात घातलास, टोपी तिरकी केलीस आणि त्याला म्हणालास, "माझा पण काढ. आमच्यात दोघांत मिळून एक डिग्री आहे." फोटो तुझ्या हॉलमध्ये अजून आहे, माझ्यापेक्षा तूच जास्त ऐटीत दिसतोस त्यात. आपल्या घरातली पहिली डिग्री. त्यातला अर्धा वाटा तुझा, हे मी कधीच नाकारलं नाही. तू दहावीनंतर कंपनीत गेलास म्हणून मी कॉलेजात गेले. मी हे अभिमानानं सांगते, कुणालाही सांगते.

पण तो अर्धा वाटा तू असा वापरशील असं वाटलं नव्हतं. तुझ्या खोट्यावर माझ्या डिग्रीचा शिक्का मारलास. वहिनीनं तुझ्यावर विश्वास ठेवला नसता, ती तुला ओळखते. तिनं माझ्या शिक्षणावर ठेवला. मला याचा इतका राग येतो की मधेच रस्त्यात उभी राहून तुला हाक मारावीशी वाटते. आणि दुसऱ्याच क्षणाला वाटतं, खोटं बोलायला आधार म्हणूनसुद्धा तुला माझंच नाव सुचलं. याचं काय करू, तूच सांग.

का केलंस, तेही वहिनीनं सांगितलं. तिनं पायाचा विषय काढला की तू एकच बोलायचास, "मला बाबांसारखं खिडकीत नाही बसायचं." बाबांच्या पायाची बोटं शुगरनं गेली आणि मग ते शेवटपर्यंत खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले. त्यांना आंघोळीला न्यायचं काम तुझं होतं. मी कॉलेजला असायचे. तुझी भीती मला कळते, दादा. पटत नाही. मला सांगितलं असतंस तर मी तुला गाडीवरून उतरवलंच असतं, भांडून, ओढून, सगळ्या बिल्डिंगसमोर. तुला ते माहीत होतं. म्हणून तर सांगितलं नाहीस.

गेल्या रविवारी मी परत मानपाड्याला गेले. गाडीचं काय करायचं ते ठरायचं होतं. वहिनीच्या भावाला हवी होती. वहिनी म्हणाली, "नको. मीच शिकते. भाजी आणायला, कंपनीत कागद द्यायला किती दिवस दुसऱ्याच्या मागे बसू?" मी म्हटलं, "मग आधी एक काम आहे. दोघी लागतात."

टॉवेल अंथरला. तुझा तेलाच्या दाबाचा बोल्ट आहे तिथेच राहू दिला, फक्त त्याच्या वायरी काढल्या. पर्समधून जुना स्विच काढून त्याच्या जुन्या जागी अडकवला, स्प्रिंग पेडलला लावली, वायरी जोडल्या. कागद वाचायची गरज पडली नाही. सावंतकाका खुर्ची घेऊन आले आणि आम्हाला सूचना देत बसले. वहिनी म्हणाली, "काका, तुम्ही आमचंही बघा आता." ते जरा गोंधळले.

मग वहिनी गाडीवर बसली. साडीतच. एक पाय जमिनीवर, दुसरा चाचपडत पेडलपाशी. मी मागे जाऊन उभी राहिले, माझ्या मानाच्या जागी. तिनं चावी फिरवली. पाय दाबला नाही, नुसता टेकवला. मान न वळवता विचारलं, "वन्सं, लागला का?"

मागची भिंत लाल झालेली.

"लागला," मी म्हटलं.

तिनं पाय काढला नाही. मीही काढ म्हटलं नाही.